विंडोज १० ठेवून सोबत लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचीय (सी-डी-ई-एफवालं जुनं असेंबल मशीन)

खिळेजुळणी

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. पण थोडक्यात विचारलं की आधी 'प्रोसेसर कुठला, डिस्क केवढी' यातच धागा अडकतो, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं, वकीलमंडळींचं टायपिंग. याच जागेत पूर्वी वडिलांचा ट्रेडल छापखाना होता. खिळ्यांच्या केसेस अजून पोटमाळ्यावर आहेत, आई भंगारात देऊ देत नाही. मशीन २०१७ ला असेंबल करून घेतलेलं. आय५ ७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क. जोडून देणाऱ्याने रिवाजाप्रमाणे सी, डी, ई, एफ पाडून दिले. सी वर विंडोज १०, डी वर चालू कामं, ई वर जुनी कामं, एफ वर मुलाच्या लहानपणीचे फोटो आणि काय काय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते, माझी सातवी. म्हणजे चांगलं धडधाकट चालणारं मशीन केवळ कागदावर म्हातारं झालं. ते टाकवत नाही.

विंडोज सोडताही येत नाही. कोरल आहेच, पण खरं अडतं ते पेजमेकर ७ वर. पतसंस्थेचे सेक्रेटरी येतात आणि म्हणतात, 'मॅडम, गेल्या वर्षीचाच काढा, आकडे तेवढे बदला.' ती गेल्या वर्षीची फाइल पेजमेकरची, फाँट जुना, युनिकोडच्या आधीचा, आणि त्या फाँटच्या सॉफ्टवेअरला मागे यूएसबी लॉक लावल्याशिवाय ते उघडत नाही. हे सगळं लिनक्सवर येणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा 'वाइन वापरून बघा' (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) असं कृपया कुणी सांगू नका.

तर बेत असा: विंडोज १० चं नेट कायमचं तोडायचं आणि ते फक्त कंपोझिंगला ठेवायचं. बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, हे सगळं मिंटमध्ये. पेनड्राइव्हवरून मिंट २२.२ चालवून बघितलं. नेट लागलं, आवाज आला, डी मधल्या फाइल्सही दिसल्या. मग इन्स्टॉलचं आयकॉन दाबलं. डिस्कच्या पानावर आल्यावर एक चौकट आली, मथळा 'फोर्स यूईएफआय इन्स्टॉलेशन?'. मजकुराचा अर्थ असा की आधीची सिस्टिम बायोस पद्धतीने टाकलेली दिसते, पुढे गेलात तर नंतर ती सुरू करणं अवघड जाईल. मी 'गो बॅक' दाबून बाहेर आले.

अजून एक गोष्ट. बूट मेनूत माझा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एकदा नुसत्या नावाने, एकदा पुढे 'यूईएफआय' लावून. मी दुसरा निवडला होता, कारण तो जास्त आधुनिक वाटला.

आता पुढे काय करू? तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या आत व्हायला हवं. डी आणि ई ला धक्का लागता कामा नये. बाकी मिंटला जागा किती, डिस्क तीच की वेगळी, यावर माझं काही म्हणणं नाही.

निवांत_बसलोय

नवीन मशीन घ्या, सुटाल.

बार्शी_लाइट

ताई, 'गो बॅक' दाबलंत ते फार बरं केलंत. ती चौकट उगाच येत नाही.

माझा रिपेअरिंगचा धंदा आहे आणि त्या वर्षांतली असेंबल मशीनं अजून आमच्या टेबलावर येत असतात. बोर्ड यूईएफआयचे, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीचे, आले होते, पण विंडोज टाकणारी पोरं सवयीने जुन्या बायोस पद्धतीनेच टाकायची. तुमचं तसंच दिसतंय. खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, उजवीकडे 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिथे 'लेगसी', म्हणजे जुनी बायोस पद्धत, असणार.

फरक काय ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. लेगसीत बोर्ड डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो, ५१२ बाइटचा. त्यात सुरुवातीला ४४६ बाइटचा छोटासा प्रोग्राम असतो आणि त्यानंतर ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांच्या नोंदी. चारच. पाचवीला जागाच नाही. म्हणून तुमच्या डी, ई, एफ ला एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात घातलेलं असणार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, त्या तिघांभोवती मिळून एक हिरवी चौकट दिसेल. यूईएफआयचं तंत्र वेगळं. तिथे फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन असतं आणि प्रत्येक सिस्टिम आपली बूट फाइल त्यात ठेवते.

गोची अशी की यूईएफआयने सुरू झालेला ग्रब (सुरुवातीला सिस्टिमींची यादी दाखवणारा लिनक्सचा प्रोग्राम) लेगसीतल्या विंडोजकडे मशीन सोपवू शकत नाही. त्या विंडोजच्या सुरुवातीच्या कोडला बायोसच्या सेवा लागतात आणि तोवर त्या गेलेल्या असतात. दोन्ही सिस्टिमी डिस्कवर नीट बसतात, पण मेनूत विंडोज येत नाही. मग लोक म्हणतात लिनक्सने विंडोज उडवलं. उडवलेलं काही नसतं.

तेव्हा पहिला नियम: दोन्ही एकाच पद्धतीने. विंडोज लेगसीत आहे तर मिंटही लेगसीत. म्हणजे बूट मेनूत पेनड्राइव्हची ती 'यूईएफआय' न लावलेली ओळ निवडायची.

दुसरं, आणि यावर मी हटून बसणार: त्या १ टीबीच्या डिस्कवर मिंट टाकू नका. २४० जीबीची साधी साटा एसएसडी घ्या. एच११० ला साटाचे चार पोर्ट आहेत, तुमचे फार तर दोन भरलेले असतील. कारण सांगतो. लेगसीत ग्रब पहिल्या सेक्टरमध्ये बसतो आणि उरलेला भाग त्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीत ठेवतो. त्याच पट्टीत जुन्या काळची काही महागडी सॉफ्टवेअरं आपल्या लायसन्सची खूण लपवून ठेवायची. ग्रब ती खूण ओळखून तो सेक्टर टाळायचा प्रयत्न करतो, तसा इशाराही देतो, पण ज्या मशीनवर पोट आहे तिथे 'प्रयत्न करतो' हे शब्द मला आवडत नाहीत. तुमच्याकडे कुठल्या जमान्यातलं काय काय बसलेलं आहे हे तुम्हालाही आता आठवत नसेल.

आणि सगळ्याआधी त्या डिस्कची तब्येत बघा. फिरती डिस्क, २०१७ ची. क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. निळं 'गुड' आलं तर पुढे बोलू. पिवळं 'कॉशन' आलं तर ड्युअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टिमी) राहू दे, आधी नवी डिस्क आणून सगळं तिकडे हलवा.

सदाशिव३०

बार्शीकरांचं बरोबर आहे, पण २०२५ मध्ये लेगसीत नवीन काहीही बसवणं म्हणजे मागे जाणं. विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, १७०३ आवृत्तीपासून. डेटा न घालवता डिस्क एमबीआरची, म्हणजे चार नोंदींच्या जुन्या मांडणीची, नव्या मांडणीची जीपीटी होते (चॅटवालं नव्हे), मग बोर्डात सीएसएम (जुनी बायोस पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करायचं, दोन्ही सिस्टिमी यूईएफआयमध्ये, हवं तर सिक्युअर बूटसुद्धा (फक्त सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं कुलूप). रीतसर काम होईल.

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट 'संपला' हे अर्धसत्य आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट घेता येतात. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागतं. सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. म्हणजे एवढी घाई नाही.

बार्शी_लाइट

सदाशिवराव, ते टूल आमच्याकडेही वापरतात. पण त्याची अट वाचा. जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल काहीही नको. ताईंचे डी, ई, एफ तिन्ही हिरव्या चौकटीत असतील तर तपासणीतच ते टूल नकार देणार. आधी तिन्ही रिकामे करा, मोडा, मग रूपांतर, मग परत पाडा. हे पत्रिकांच्या तोंडावर कोण करणार? ज्या विंडोजला नेटच लावायचं नाही त्याला सिक्युअर बूट देऊन कुणाचं भलं होणार आहे तेही सांगा.

शिवाय सिक्युअर बूट असलं की सगळं आलबेल असंही नाही. ऑगस्ट २०२४ चा विंडोज अपडेट आठवतोय ना? जुन्या ग्रबमधली एक त्रुटी बंद करायला म्हणून आला आणि ज्यांच्याकडे ड्युअल बूट होतं अशा कित्येकांच्या लिनक्सने 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं म्हणत डोळे मिटले. सिक्युअर बूट बंद करून आत शिरावं लागत होतं. नव्या लॅपटॉपवर मी सिक्युअर बूट चालूच ठेवतो, तो भाग वेगळा. पण इथे नको.

वाढीव अपडेटचं मात्र तुम्ही योग्य सांगितलंत. ताई, ते जरूर लावून घ्या, आणि मग नेट तोडा.

मधली_सुट्टी

मी शाळेत शिक्षक आहे, तज्ज्ञ नाही, घरी मिंट वापरतो. मला एक वेगळीच शंका आहे.

ताई, गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन समोर उभं असेल तेव्हा तुम्ही काय करणार? विंडोजमध्ये पेजमेकर उघडा आहे, अहवालाचं चाळिसावं पान चालू आहे. ते सेव्ह करा, बंद करा, रीस्टार्ट, मिंट, पेनड्राइव्ह लावा, फाइल डी मध्ये टाका, परत रीस्टार्ट, परत पेजमेकर. साध्या हार्डडिस्कवर विंडोज १० उठायला लागणारा वेळ धरला तर तेवढ्यात गिऱ्हाईक चहा पिऊन येईल. पहिल्या आठवड्यात हौसेने कराल. नंतर एक दिवस 'जाऊ दे, एकदाच' म्हणून पेनड्राइव्ह विंडोजमध्ये जाईल.

मिंटमध्येच व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत विंडोज चालवलं तर रीस्टार्टची भानगडच उरत नाही. यूएसबी लॉक आतल्या विंडोजला जोडून देता येतो.

खिळेजुळणी

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

निवांत, नवीन मशीन घेतलं तरी पेजमेकर ७ आणि तो लॉक त्याच्यावर चालेल याची हमी तुम्ही घेणार का?

बार्शी_लाइट, बायोस मोड लेगसी. हिरवी चौकट आहे, तिघंही आत. क्रिस्टलडिस्कइन्फो निळं, 'गुड'. तास बघून मात्र चरकले. दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत मशीन चालूच असतं, त्याचा आकडा तिथे बरोबर साठलेला असतो. ई ड्राइव्हची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहेच, डी ची आज रात्री काढते. वाढीव अपडेटची नोंदणी केली.

सर, तुमची शंका अगदी दुकानदाराची आहे. व्हर्च्युअलबॉक्स मी पुतण्याच्या लॅपटॉपवर करून बघितलं होतं. विंडोज चाललं, पण लॉक कधी ओळखायचा, कधी नाही. ज्या दिवशी ओळखणार नाही तो नेमका छपाईला प्लेट जायचा दिवस असणार. आणि ८ जीबीत दोघांना वाटून द्यायचं म्हणजे कोरलची मोठी फाइल उघडताना रामनाम घ्यायचं.

पेनड्राइव्हचं मी असं ठरवलंय. पेनड्राइव्ह घेऊन येणारी माणसं बहुतेक सकाळीच येतात, कोर्ट सुरू व्हायच्या आत. साडेअकरापर्यंत मशीन मिंटमध्ये. मेल उतरवणे, पेनड्राइव्हमधून फाइल्स घेणे, पीडीएफच्या प्रिंटा, वकिलांचं युनिकोडमधलं टायपिंग. त्यानंतर विंडोज, संध्याकाळपर्यंत. मधे कुणी आलं तर फाइल मेलवर मागवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. ज्याला आत्ताच हवं त्याच्यासाठी समोर झेरॉक्सवाले आहेत.

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. तिला बूट मेनूची की नेमक्या क्षणी दाबायला लावणं जमणार नाही, सुरू झाल्यावर यादी दिसली पाहिजे. तर सगळं लेगसीत आणि एसएसडी वेगळी, हे पक्कं. आता क्रम सांगा.

बार्शी_लाइट

क्रम सांगतो. निम्म्याहून जास्त काम विंडोजमध्येच आहे, पेनड्राइव्ह लावायच्या आधी.

फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथला चौकोन फिकट असतो, दाबला जात नाही. वरती 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ आहे, ती दाबली की जिवंत होतो. टिक काढा, सेव्ह करा. हे का? फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज 'शट डाउन' म्हणूनही पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं आणि ड्राइव्ह उघडेच सोडतं. मग मिंट तुमचा डी उघडायला गेलं की एकतर नकार देतं किंवा फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. जबरदस्तीने लिहिलं तर फाइल्सचा चुथडा. तुमचा सगळा बेत डी वर उभा आहे, तेव्हा हे विसरायचं नाही. विंडोजचा एखादा मोठा अपडेट ही टिक परत लावून ठेवतो, अधूनमधून बघत जा.

मग मशीन बंद, मागचं बटण बंद, वायर काढा. कॅबिनेट उघडून आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली केबल कुठल्या पोर्टात ते दिसेल असा. जुन्या डिस्कची साटा केबल उपसा. हो, उपसाच. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही तिच्यावर तो ग्रब टाकू शकत नाही. खाली 'बूटलोडर कुठे टाकायचा' असा पर्याय असतो, लोक त्याच्यावर विसंबतात. 'इरेझ डिस्क' निवडलं की तो पर्याय बघायलाही मिळत नाही. केबल काढलेली बरी.

एसएसडी लावा. एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) साटाची जास्तीची पॉवर पिन लोंबत असेल, इंग्रजी एलच्या आकाराची, उलटी बसत नाही. पेनड्राइव्ह लावा, सुरू करा, बूट मेनू. गिगाबाइटच्या बोर्डाला एफ१२, आसुसच्या डेस्कटॉप बोर्डाला एफ८, एमएसआयला एफ११. यूईएफआय नसलेली ओळ. मिंटमध्ये गेल्यावर इन्स्टॉल, 'इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल'. एकच डिस्क दिसते ना, याची एकदा खात्री, मग पुढे. ती चौकट आता यायची नाही. आली तर पेनड्राइव्हची चुकीची ओळ निवडली गेली.

मिंट एकदा एकटं सुरू करून बघा. मग बंद करून जुन्या डिस्कची केबल परत लावा आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये एसएसडीला पहिला नंबर द्या. मिंटमध्ये येऊन टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब'. तो दोन्ही डिस्का हुंगतो आणि विंडोज सापडलं की यादीत घालतो. नाही सापडलं तर इथे सांगा, ग्रबने ही शोधाशोध २.०६ आवृत्तीपासून मुळात बंद ठेवली आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते, ती देतो.

याचा फायदा लक्षात घ्या. उद्या एसएसडी मेली तरी बोर्डात जुन्या डिस्कला पहिला नंबर दिला की विंडोज आज आहे तसंच उठेल. त्या डिस्कला आपण बोटही लावलेलं नाही.

सदाशिव३०

मान्य. या मशीनपुरतं हेच योग्य. फक्त इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर हे जसंच्या तसं करू नका. तिथे आधी डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे का ते बघा. २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन विंडोज सुरू केलं की बहुतेक मशीनांवर ती आपोआप होते आणि कित्येकांना पत्ताही नसतो. सिक्युअर बूटला हात लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधी आपल्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो चालेल, त्याच लॅपटॉपमध्ये नको.

खिळेजुळणी

झालं! दुकान बंद झाल्यावर केलं. सगळ्यात जास्त वेळ कॅबिनेटमधली धूळ काढण्यात गेला. यादी दिसते, वर मिंट, शेवटून दुसरं-तिसरं कुठेतरी विंडोज. अपडेट-ग्रबनेच ते सापडवलं, वेगळी ओळ घालावी लागली नाही. विंडोजमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर डिसेबल करून टाकलं. डी दोन्हीकडून उघडतो, लिहिताही येतं. लेझरजेट १०२० मिंटमध्ये लगेच चालला नाही, पण एचपीच्या सेटअपने एक प्लगइन उतरवलं आणि मग प्रिंट आली. पहिल्याच पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरस होता. विंडोजमध्ये असतं तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले असते. मिंटमध्ये खऱ्या फाइल्स शेजारीच दिसल्या. पीडीएफ आणि जेपीजी तेवढ्या उचलल्या, बाकीचं तिथेच ठेवलं.

आता एक विचित्र प्रकार. आज पावणेबाराला विंडोजमध्ये गेले तर घड्याळात सव्वासहा. दुरुस्त केलं. दुपारी जरा मिंटमध्ये जाऊन आले, परत तेच, साडेपाच तास मागे. बोर्डाचा सेल गेला का? बिलांवर वेळ छापली जाते, एका गिऱ्हाइकाने 'ताई, पहाटे उठून काम करता का' म्हणून विचारलं.

सदाशिव३०

सेल ठणठणीत आहे. सेल गेला असता तर आकडा नेमका साडेपाच तासांचा कशाला आला असता? विंडोज बोर्डाचं घड्याळ म्हणजे भारतीय वेळ असं धरून चालतं. लिनक्स ते ग्रिनिच वेळेवर ठेवतं आणि दाखवताना ५:३० मिळवतं. मिंट नेटवरून वेळ घेऊन बोर्डात आपल्या हिशोबाने लिहून ठेवतं, आणि तुमच्या विंडोजला नेट नसल्यामुळे ते बिचारं दुरुस्तही करून घेऊ शकत नाही.

एरवी मी विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करा म्हटलं असतं, पण बार्शीकर परत म्हणतील त्या डिस्कला बोट लावू नका. तेव्हा मिंटच्या बाजूने करा. टर्मिनलमध्ये: टाइमडेटसीटीएल, मग सेट-लोकल-आरटीसी (दोन्ही डॅश लागतात), मग १. रोमनमध्ये टंकायचं हे सांगायला नको. मग विंडोजमध्ये एकदा वेळ बरोबर लावून घ्या. मिंट यावर इशारा देईल की उन्हाळी वेळ बदलताना गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे घड्याळं पुढेमागे करायची पद्धत नाही, तेव्हा दुर्लक्ष करा. अमेरिकेतल्या मंडळींनी मात्र हा उपाय उचलू नये.

मधली_सुट्टी

ताई, टायपिंगचं कसं करताय? मिंटमध्ये इनपुट मेथडमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. एम१७एन हे जास्तीचं पॅकेज घेतलं तर रेमिंग्टन आणि आपलं गमभनसुद्धा मिळतं. तुमचा हात रेमिंग्टनवर बसलेला असेल तर सवय मोडावी लागणार नाही.

खिळेजुळणी

घड्याळ बसलं. दोन्हीकडे एकच वेळ. बिलं आता दिवसाउजेडी निघतात.

सर, रेमिंग्टन घातलं, बोटं आपोआप चालली. अर्धा र आणि श्र थोडे वेगळ्या जागी आहेत, होईल सवय. मुलीचा हात इनस्क्रिप्टवर आहे, तिच्यासाठी तेही ठेवलंय, वरच्या पट्टीतून बदलता येतं.

बार्शी_लाइट, एकच राहिलं. दुपारी वीज गेली की मशीन परत सुरू होताना यादी थोडा वेळ थांबते आणि मिंटमध्ये जाते. दुपारनंतर मला विंडोज हवं असतं. शेवटी जे निवडलं तेच परत येईल असं करता येतं का?

बार्शी_लाइट

येतं. ईटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. ग्रब-डिफॉल्टच्या पुढे शून्य आहे तिथे 'सेव्हड' लिहा आणि खाली नवीन ओळ, ग्रब-सेव्हडिफॉल्ट बरोबर ट्रू. मधल्या खुणा डॅश नव्हे, अंडरस्कोअर. ओळींतली नावं कॅपिटलमध्ये, 'सेव्हड' आणि 'ट्रू' लहान अक्षरांत. सेव्ह करून परत अपडेट-ग्रब.

आणि एक यूपीएस घ्या. वीज जाऊन पेजमेकर बंद पडत असेल तर ग्रब काय करणार.

खिळेजुळणी

यूपीएस आहे हो, त्याची बॅटरी उतरलीय. उद्याच बदलते.

ई ड्राइव्हमधल्या जुन्या फाँटच्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायच्या म्हणतेय, निदान दरवर्षी लागणारे अहवाल तरी. त्याचा वेगळा धागा काढते, अनुभव असलेल्यांनी तिकडे या.